मातीवर ठेवलेला ठपका
(शुसाकू एन्डो यांच्या ‘मौन’ या कादंबरीच्या निमित्ताने)

फेब्रुवारीच्या आरंभी संत गोन्सालो गार्सिया यांचा सण आला की नागासाकीचे नाव आपल्या कानांवर पडते. वसईत जन्मलेले हे फ्रान्सिसकन बंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मरण पावले आणि १८६२ साली ख्रिस्तसभेने त्या सव्वीस जणांना संतपद दिले, एवढे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. प्रवचनांत ती टेकडी येते, ते सव्वीस क्रूस येतात. मात्र त्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी उभे राहून हे सारे पाहणारे आणि पाहून मुकाट्याने घरी परतणारे जे ख्रिस्ती होते, त्यांचा विचार आपण सहसा करीत नाही. पुढच्या पन्नास वर्षांत तेथील ख्रिस्ती समाजापैकी अनेकांनी प्राण दिले; त्यांहून पुष्कळ अधिक जणांनी जिवाच्या भयाने धर्म सोडल्याचे जाहीर केले. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांची कथा सांगण्याचे धाडस जपानचे कॅथॉलिक कादंबरीकार शुसाकू एन्डो यांनी १९६६ साली केले. त्या कादंबरीचे मूळ नाव ‘चिम्मोकु’, म्हणजे मौन.

त्याच वर्षी या कादंबरीला जपानमधील मानाचे तानिझाकी पारितोषिक मिळाले. येशूसंघीय फादर विल्यम जॉन्स्टन यांनी १९६९ साली ‘सायलेन्स’ या नावाने तिचे इंग्रजी भाषांतर केले आणि ती जगभर वाचली जाऊ लागली. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१६ साली तिच्यावर काढलेला चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आजवर या कादंबरीविषयी जे लिहिले गेले, ते प्रामुख्याने देवाच्या मौनाविषयी. आम्हांस येथे तिच्या दुसऱ्याच एका अंगाचा विचार करावयाचा आहे. एखाद्या देशाचे जीवन त्याचा भूगोल घडवितो की त्याचा इतिहास, हा प्रश्न शाळेच्या पाठ्यपुस्तकात निरुपद्रवी वाटतो. एन्डो यांच्या कादंबरीत मात्र त्याच प्रश्नावर माणसांचे प्राण टांगलेले आहेत.

कथानक थोडक्यात असे. फादर क्रिस्तोव्हाव फरेरा हे जपानमधील येशूसंघाचे एक वरिष्ठ धर्मगुरू. छळाला बळी पडून त्यांनी धर्मत्याग केला, अशी बातमी युरोपात पोहोचते. त्यांचे तरुण शिष्य सेबास्तियन रॉड्रिग्ज आणि फ्रान्सिस गार्पे यांचा त्या बातमीवर विश्वास बसत नाही. ते लिस्बनहून निघतात, वाटेत गोव्यात थांबतात, मकावला पोहोचतात आणि किचिजिरो नावाच्या एका भित्र्या, दारूबाज जपानी कोळ्याला वाटाड्या करून रात्रीच्या अंधारात जपानच्या किनाऱ्याला लागतात. गरीब शेतकरी त्यांना डोंगरातल्या झोपडीत लपवतात. पुढे किचिजिरोच रॉड्रिग्जला पकडून देतो. गार्पे आपल्या माणसांना वाचवण्यासाठी समुद्रात झेपावतो आणि बुडतो. शेवटी खड्ड्यावर उलटे टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे ऐकत, त्यांची सुटका व्हावी म्हणून, रॉड्रिग्ज येशूच्या प्रतिमेवर पाय ठेवतो. फरेरा हे इतिहासातील खरे पात्र असून त्यांनी १६३३ साली धर्मत्याग केला. रॉड्रिग्जच्या पात्रामागे १६४३ साली जपानात उतरलेले इटालियन येशूसंघीय जुझेप्पे कियारा उभे आहेत. तेही पाय ठेवून जगले आणि १६८५ साली एडो शहरातील ख्रिस्ती बंदिवासात वारले.

या कथेच्या मध्यभागी एक युक्तिवाद आहे. तो प्रथम फरेरा मांडतात आणि दंडाधिकारी इनोउए त्याला दुजोरा देतात. फरेरांचे म्हणणे असे की, जपान ही दलदल आहे. येथे कोणतेही रोप लावा, त्याची मुळे कुजतात. ज्यांना आपण जपानी ख्रिस्ती समजत होतो, ते मुळी आपल्या देवाची भक्ती करीतच नव्हते. त्यांनी त्या देवाला आपल्या जुन्या कल्पनांत विरघळवून टाकले होते. वीस वर्षे ज्या भूमीत राबलो, ती भूमीच नापीक निघाली. इनोउए हेच सौम्य शब्दांत, जवळजवळ सहानुभूतीने सांगतात. पराभव तुझा नव्हे, या मातीचा आहे, असे जणू ते रॉड्रिग्जला समजावतात.

हा युक्तिवाद वाचकाच्या मनावर विलक्षण पकड घेतो. पुष्कळ वाचक, आणि काही टीकाकारही, तो एन्डो यांचाच निष्कर्ष आहे असे समजून पुस्तक मिटतात. त्याला कारणही आहे. एन्डो यांचा जन्म १९२३ सालचा. आईवडील विभक्त झाल्यावर ते आईबरोबर मांचुरियातून कोबे शहरात आले. आई कॅथॉलिक झाली आणि तिच्या इच्छेने या मुलानेही स्नानसंस्कार घेतला. आईने शिवून दिलेला परदेशी पोशाख आपल्या अंगाला नीट बसत नाही, आणि टाकूनही देववत नाही, अशा आशयाची उपमा ते आपल्या श्रद्धेविषयी देत. तेव्हा दलदलीची भीती लेखकाच्या स्वतःच्या मनातही होती, यात संशय नाही. तथापि लेखकाच्या मनातील भीती आणि त्याच्या कृतीने सिद्ध केलेले सत्य या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही. आमचे म्हणणे असे की, दलदलीचा युक्तिवाद हा एका मोडलेल्या माणसाने मातीवर ठेवलेला ठपका आहे. भूगोलाच्या नावाखाली तेथे इतिहास लपवला गेला आहे. आणि ही कादंबरी नीट वाचली, तर तीच त्याचा पुरावा देते.

समुद्राचे दोन स्वभाव

प्रथम कादंबरीतील भूगोल पाहू. एन्डो यांनी तो केवळ शोभेसाठी आणलेला नाही. सुरुवातीची चार प्रकरणे रॉड्रिग्जच्या पत्रांच्या रूपात आहेत. पत्र पाठवायचे तर समुद्र खुला हवा, एखादे जहाज हवे. रॉड्रिग्ज पकडला जातो आणि पत्रे थांबतात. कथा ‘मी’ सोडून ‘तो’ म्हणू लागते. पुढे डेजिमा येथील एका डच कारकुनाच्या दैनंदिनीचा भाग येतो आणि अखेर ख्रिस्ती बंदिवासातील एका अधिकाऱ्याची कोरडी नोंदवही. ज्याचा स्वतःचा आवाज आपण ऐकत होतो, तो शेवटी सरकारी नोंदींतील एक नाव होऊन उरतो. समुद्र, डोंगर, गाव, तुरुंग, अंधारकोठडी असा अवकाश पानोपानी आक्रसत जातो. देशाची दारे बंद होणे म्हणजे काय, हे लेखकाने नुसते सांगितले नाही. पुस्तकाच्या रचनेतच ते घडविले आहे.

याच समुद्राने श्रद्धा आणली आणि याच समुद्रात भक्तांना मारले गेले. मोकिची आणि इचिझो या दोन शेतकऱ्यांना किनाऱ्यावर खांबांना बांधले जाते आणि भरती-ओहोटीकडून त्यांचा वध करवून घेतला जातो. माणसाने शस्त्र उचलायचे नाही, पाण्याने आपले काम करायचे. मारणारा हात येथे दिसत नाही, दिसतो तो निसर्ग. फरेरांचा युक्तिवादही नेमका याच जातीचा नाही काय? रोपे उपटणारा हात बाजूला ठेवायचा आणि दोष दलदलीला द्यायचा.

आता त्या हाताकडे पाहू. जपान हा बेटांचा देश. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग डोंगराळ आहे. क्यूशू हे त्याचे दक्षिणेकडील मोठे बेट कोरियापासून सुमारे दोनशे किलोमीटरांवर आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील खाडी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम तेहतीस-चौतीस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या अंतराचे मर्म कळते. जपानला बाहेरचे घेता येत होते, आणि नको असेल तर नाकारताही येत होते. लिपी आली, बौद्ध धर्म आला. १२७४ आणि १२८१ साली चालून आलेली मंगोल आरमारे मात्र वादळांनी उधळली गेली. घेणे आणि नाकारणे या दोन्ही शक्यता भूगोलाने दिल्या. केव्हा घ्यायचे आणि केव्हा नाकारायचे, हे मात्र माणसांनी ठरविले, आणि तोच इतिहास होय.

संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमास उतरले, तेव्हा जपानात शेकडो सरदार आपसांत लढत होते. त्याआधी सहाच वर्षे पोर्तुगीज बंदुका तानेगाशिमा बेटावर आल्या होत्या. क्यूशूच्या सरदारांना व्यापार हवा होता आणि जहाजे धर्मगुरूंच्या सोबतीने येत होती. ओमुरा सुमितादा या सरदाराने १५६३ साली स्नानसंस्कार घेतला. १५७१ साली नागासाकीचे बंदर खुले झाले आणि १५८० साली त्याने ते येशूसंघाच्या स्वाधीन केले. १६१४ च्या सुमारास जपानात तीन लाखांच्या आसपास ख्रिस्ती होते, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. जी माती साठ-पासष्ट वर्षांत इतके पीक देते, तिला नापीक कसे म्हणावे?

मग बिघडले कोठे? सरदारांची बेदिली संपून देश एका सत्तेखाली येऊ लागला आणि नव्या सत्ताधीशांना दोन निष्ठांची माणसे नकोशी झाली. हिदेयोशीने १५८७ साली धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला. १५९६ साली ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज शिकोकूच्या किनाऱ्यावर फुटले. आधी धर्मगुरू पाठवायचे, मग सैन्य, ही आमच्या राजाची रीत आहे, अशी फुशारकी त्यावरील सुकाणूवाल्याने मारल्याचे सांगितले जाते. ती कथा खरी असो वा नसो, काही महिन्यांतच गोन्सालो गार्सिया आणि त्यांचे सोबती निशिझाकाच्या टेकडीवर होते. १६१४ साली तोकुगावा राजवटीने साऱ्या देशात बंदी घातली. १६३७-३८ साली शिमाबाराच्या शेतकऱ्यांनी करांच्या आणि छळाच्या जाचाला कंटाळून बंड केले. ते चिरडताना सुमारे सदतीस हजार माणसे मेली. १६३९ साली पोर्तुगीज जहाजांना कायमची बंदी झाली. प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात करणे सक्तीचे झाले, शेजाऱ्यांवर शेजाऱ्यांची जबाबदारी टाकली गेली, आणि नागासाकीत दरवर्षी नववर्षाच्या सुमारास येशू वा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून घेतला जाऊ लागला. त्या प्रतिमेला ‘फुमिए’ म्हणत. ही दलदल नव्हे. हे अत्यंत विचारपूर्वक उभारलेले राज्ययंत्र आहे.

कादंबरीतील इनोउए हे स्वतः जाणतात, आणि येथेच एन्डो यांचे सामर्थ्य दिसते. हिरादोच्या सरदाराच्या चार रखेल्या सतत भांडत आणि म्हणून त्याने चौघींनाही घालवून दिले, अशी एक गोष्ट इनोउए रॉड्रिग्जला सांगतात. त्या चौघी म्हणजे स्पेन, पोर्तुगाल, हॉलंड आणि इंग्लंड. गोष्ट विनोदी आहे, पण तिच्यात दलदल कोठेच नाही. आहे ते केवळ राजकारण. चार परकी सत्तांची चढाओढ आणि तिच्या भीतीने दार लावून घेणारा घरधनी. रॉड्रिग्जचे उत्तरही पाहण्यासारखे आहे. आपली ख्रिस्तसभा एकपत्नीत्व शिकवते, असे तो चातुर्याने म्हणतो. तोही श्रद्धा आणि पोर्तुगाल यांची गाठ सोडवू शकत नाही. दोघेही इतिहासाच्या भाषेत बोलतात, आणि तरीही पुढे इनोउए दोष मातीला देतात.

शेजारची शेते

एका शेतात पीक आले नाही म्हणून माती वाईट ठरवण्याआधी शहाणा शेतकरी शेजारची शेते पाहतो. आपणही तसेच करू.

जपानच्या दक्षिणेस फिलिपीन्स हाही बेटांचाच देश. स्पॅनिश लोक तेथे १५६५ साली वसाहतीसाठी आले. मनिला त्यांची राजधानी झाली ती १५७१ साली, म्हणजे ज्या वर्षी नागासाकीचे बंदर खुले झाले त्याच वर्षी. आज फिलिपीन्समध्ये पाचांपैकी जवळजवळ चार माणसे कॅथॉलिक आहेत. जपानमध्ये हे प्रमाण शंभरात अर्धेही नाही. दोन्हीकडे बेटे, दोन्हीकडे वादळे, दोन्हीकडे भाताची शेती. फरक एवढाच की, फिलिपीन्सच्या बहुतेक बेटांवर एकसंध राज्य नव्हते आणि तेथे क्रूस सत्तेबरोबर आला. त्याच देशाच्या दक्षिणेस मिंडानाओ आणि सुलू येथे सुलतानांची राज्ये आधीच उभी होती. तेथे इस्लाम टिकून राहिला. माती एकच, इतिहास वेगळा.

कोरियाचे उदाहरण याहून बोलके आहे. कोरिया हे चीनला जोडलेले द्वीपकल्प. तेथून दरवर्षी राजदूत पेकिंगला जात आणि येताना ग्रंथ आणत. फादर मातेओ रिच्ची यांनी चिनी भाषेत लिहिलेला धर्मग्रंथ कोरियातील विद्वानांनी असाच मिळवून वाचला. १७८४ साली यी सुंग-हुन हा तरुण पेकिंगमध्ये स्नानसंस्कार घेऊन परतला आणि तेथील ख्रिस्ती समाजाचा आरंभ एकाही परदेशी धर्मगुरूशिवाय झाला. जपानात श्रद्धा समुद्रावरून, व्यापारी जहाजांतून, बंदुकांच्या सोबतीने आली. कोरियात ती खुष्कीच्या वाटेने, पुस्तकांतून आली. छळ तेथेही झाला. १८०१, १८३९, १८४६ आणि १८६६ साली हजारो माणसे मारली गेली. त्यांतील १०३ जणांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली सेऊल येथे संतपद दिले. तेथील समाजही कन्फ्यूशियसच्या आणि बुद्धाच्या शिकवणीत वाढलेला होता. तरीही आज दक्षिण कोरियात शंभरात दहाहून अधिक माणसे कॅथॉलिक आहेत. याचे एक कारण असे की, त्या देशावर १९१० ते १९४५ या काळात जी परकी सत्ता बसली, ती युरोपाची नव्हती, जपानची होती. ख्रिस्ती असणे म्हणजे परक्याचे होणे, हे समीकरण कोरियात जपानइतके घट्ट बसलेच नाही. केवळ दोनशे किलोमीटर पाण्यापलीकडची ही कथा फरेरांच्या दलदलीविरुद्धचा मोठा पुरावा आहे.

आपल्या किनाऱ्याचा दाखलाही येथे गैरलागू होणार नाही. वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली. ज्या सत्तेबरोबर श्रद्धा आली ती सत्ता दोनशे पाच वर्षांनी निघून गेली, पण गावे राहिली, घराघरांतील जपमाळ राहिली. मराठ्यांच्या राज्यात आपल्या पूर्वजांना दरवर्षी प्रतिमेवर पाय ठेवावा लागला नाही. जपानी ख्रिस्ती आणि आपण यांच्यातील अंतर मातीचे नसून या एका गोष्टीचे आहे, असे आम्हांस वाटते. म्हणूनच त्यांच्या दुर्बलतेविषयी बोलताना आपल्या जिभेने जपून चालावे.

शब्दांच्या मातीविषयीही हेच म्हणता येईल. जपानात आरंभी देवासाठी ‘दाइनिची’ हे बौद्ध परंपरेतील नाव वापरले गेले. चूक ध्यानात आल्यावर झेवियर यांनी ते टाकून ‘देउस’ हा परका शब्द स्वीकारला. फरेरा कादंबरीत याच गोंधळाचा दाखला देतात. जपानी माणसाने आपल्याकडून देव घेतला आणि त्याचे काही दुसरेच केले, असा त्यांचा आरोप. पण फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले आणि ते १६१६ साली छापले, तेव्हा त्यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास संकोच केला नाही. आपल्या पूर्वजांनी त्या शब्दांतून ख्रिस्तच ऐकला. शब्द देशी असो वा परका, तो कोणाच्या तोंडी कशासाठी येतो, यावर त्याचे सत्य ठरते.

जे कादंबरीत नाही

आता कादंबरीच्या उणिवेकडे वळू. ‘मौन’ सर्वस्वी धर्मगुरूच्या डोळ्यांनी पाहते. शेतकरी तिच्यात प्रार्थना करतात, सोसतात, मरतात. पण आपण जातो तेव्हा त्यांच्या घरांत मागे काय उरते, हे रॉड्रिग्जला दिसत नाही आणि म्हणून वाचकालाही दिसत नाही. धर्मगुरू पडला की कथा संपली, असा भास होतो. नागासाकीच्या काही कॅथॉलिक मंडळींना ही कादंबरी रुचली नाही, त्यामागे हेही एक कारण असावे. कारण त्यांच्या घराण्यांची कथा तेथे संपली नव्हती. तेथे ती सुरू झाली होती.

शेवटचा धर्मगुरू गेल्यावर क्यूशूच्या पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूविना राहिले. सोतोमेचे डोंगर सरळ समुद्रात उतरतात. माती पातळ, पीक रताळ्याचे. १७९७ पासून तेथील अनेक कुटुंबे गोतो बेटांवर गेली आणि कोणालाही नको असलेल्या उतारांवर वसली. चांगली जमीन त्यांना मिळाली नाही. पण ज्या दुर्गमतेमुळे ती गरीब राहिली, त्याच दुर्गमतेने त्यांना झाकून ठेवले. फरेरांनी ज्या भूमीला रोपे कुजवणारी दलदल म्हटले, तिच्याच घळींनी आणि खाड्यांनी बियाणे जपले. गावात एक प्रापंचिक सणवारांचे पंचांग सांभाळी, दुसरा स्नानसंस्कार देई. कानोन या बौद्ध देवीच्या मूर्तीत त्यांनी पवित्र मरिया पाहिली. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना, अर्थ धूसर झाल्यावरही, ते पुढच्या पिढीच्या कानांत सांगत राहिले.

आणि ही माणसे फुमिएवर पाय ठेवत होती. दरवर्षी, सहकुटुंब. निशिझाकाच्या टेकडीवर मेलेल्या संतांचा वारसा ज्यांनी पुढे नेला, ते बहुतांशी पाय ठेवणारे होते, हे सत्य आपल्याला पचवायला जड जाते. पाय ठेवून घरी आल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, अशी परंपरा सांगितली जाते. कुमसार ऐकणारा धर्मगुरू नसताना परिपूर्ण पश्चात्तापाने देवाकडे कसे वळावे, हे शिकवणारा ‘कोन्चिरिसान’ नावाचा एक छोटा पाठ सतराव्या शतकाच्या आरंभी तयार झाला होता आणि तो त्यांनी पिढ्यान्पिढ्या जपला. वर्षातून एकदा पडायचे आणि त्याच रात्री उठायचे, असे त्यांचे जीवन होते.

हे ध्यानात घेतले म्हणजे किचिजिरो हे पात्र वेगळे दिसू लागते. प्रथम वाचनात तो केवळ यहूदा वाटतो. तो पुन्हा पुन्हा पाय ठेवतो, पुन्हा पुन्हा विश्वासघात करतो आणि पुन्हा पुन्हा क्षमा मागायला येतो, इतका की वाचकालाही त्याचा वीट यावा. छळाचा काळ नसता तर आपणही एक साधे, आनंदी ख्रिस्ती म्हणून जगलो असतो, असे त्याचे रडगाणे. ते रडगाणे आहे खरे, पण संपूर्ण कादंबरीत इतिहासाविषयी याहून खरे कोणी बोलत नाही. फरेरा दोष मातीला देतात, इनोउए मातीला देतात. हा अडाणी कोळी मात्र काळाकडे बोट दाखवतो. शेवटच्या नोंदवहीत, जी अनेक वाचक कंटाळून चाळतात, एक बारीक नोंद आहे. बंदिवासात रॉड्रिग्जची चाकरी करणाऱ्या किचिजिरोजवळ संतांचे चित्र असलेला ताईत सापडतो. इतकी वर्षे पडत-उठत आलेल्या या माणसाने ते अजून फेकलेले नाही. आमच्या मते कादंबरीचे उत्तर त्या नोंदीत आहे. दलदलीत एक मूळ कुजले नव्हते, आणि ते सर्वांत दुबळ्या रोपाचे होते.

एन्डो यांनाही ही उणीव जाणवली असावी. छुप्या ख्रिस्ती लोकांकडे ते पुढे पुन्हा पुन्हा वळले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीत त्यांनी उराकामी गावातील ख्रिस्ती लोकांच्या हद्दपारीची कथा एका सामान्य मुलीच्या दृष्टीने सांगितली. १९९६ साली त्यांचे निधन झाले. नागासाकीत पाहिलेल्या एका फुमिएच्या लाकडी चौकटीवर असंख्य पायांच्या बोटांच्या काळ्या खुणा उमटल्या होत्या, आणि त्या खुणा मनातून जाईनात म्हणून ‘मौन’ लिहिली, असे ते सांगत. ज्यांचे नाव इतिहासाने लिहिले नाही त्यांच्या फक्त बोटांच्या खुणा उरल्या. त्या खुणांना त्यांनी आवाज दिला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. आमची तक्रार त्या ऋणापुढे लहान आहे.

आपल्या वाचकांना ही कादंबरी वाचण्याची शिफारस आम्ही निःसंकोचपणे करतो. मात्र ती शेवटच्या पानापर्यंत वाचावी आणि फरेरांच्या शब्दावर थांबू नये. मातीवर ठपका ठेवण्याची सवय आपल्यातही आहे. मुले मिस्साला येत नाहीत, घरातली रात्रीची प्रार्थना बंद पडली, की आपण म्हणतो, शहराचे वारेच तसे, काळच तसा. दुसरीकडून, ही श्रद्धा या मातीतली नव्हे, असेही कोणी आपल्याला ऐकवतो. दोन्ही बोलण्यांत माणसाने काय केले आणि काय करायचे राहिले, हा प्रश्न टाळला जातो. भूगोल आपल्याला अंगण देतो. त्यात काय पेरायचे आणि काय उपटायचे हे अंगण ठरवीत नाही.

जे कादंबरीत नाही ते सांगून थांबतो. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीत परदेशीयांसाठी नुकत्याच बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे काही शेतकरी आले. त्यांच्यातील एका स्त्रीने फादर बर्नार्ड पेतिजाँ यांना हलक्या आवाजात सांगितले की आमची श्रद्धा तुमचीच आहे, आणि सांता मारियाची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. बंदी अजून उठलेली नव्हती. पुढच्या काही वर्षांत उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले गेले आणि त्यांतील सहाशेहून अधिक तेथेच वारले. १८७३ साली बंदी संपली आणि उरलेले परतले. परतल्यावर त्यांनी गावच्या मुखियाच्या वाड्याची जागा विकत घेतली. त्याच वाड्यात त्यांच्या वाडवडिलांना दरवर्षी फुमिएवर पाय ठेवावा लागत असे. त्या जागेवर त्यांनी आपले भव्य चर्च बांधले. ते १९१४ साली पुरे झाले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब त्या चर्चपासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर फुटला. उराकामीच्या सुमारे बारा हजार कॅथॉलिकांपैकी सुमारे साडेआठ हजार मरण पावले. १९५९ साली चर्च पुन्हा उभे राहिले, त्याच जागेवर.

दुसरी जागा त्यांना मिळाली नसती असे नाही. पण ज्या जमिनीवर आजोबांनी पाय ठेवला, तीच त्यांना हवी होती.